‘अस्सल’ गाडी कोणाची? जुन्या बीएमडब्ल्यू, वापरलेले सुटे भाग आणि कायद्याला न दिसलेला इतिहास

१/
पन्नास वर्षे झाकून ठेवलेली एक मोटार आणि पन्नास वर्षे रस्त्यावर राबलेली दुसरी. पहिलीचे इंजिन कारखान्यातून निघाले तसेच आहे. दुसरीचे दोनदा बदलले गेले. भारताच्या कायद्याच्या लेखी पहिली ‘व्हिंटेज’, म्हणजे वारसा. दुसरी भंगार. ही विभागणी इतिहासाच्या दृष्टीने चुकीची आहे, हे या धाग्याचे प्रतिपादन.

२/
सुरुवात रायगड जिल्ह्यातून. पेण शहराला लागून असलेल्या रामवाडीत एसटीच्या रायगड विभागाचे विभागीय कार्यालय आणि कार्यशाळा आहे. एसटीच्या कार्यशाळांमधली रीत जुनी आहे. एका बसमधून उतरवलेले इंजिन वा गिअरबॉक्स दुरुस्त होतो आणि ज्या बसला गरज असेल तिच्यात चढतो. मूळ बस कोणती, हा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. भाग चालतो की नाही, एवढाच प्रश्न असतो.

३/
१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एसटीचा कारभार याच तत्त्वावर उभा राहिला. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत चासीवर बसचे अंग बांधले जाते. अलीकडच्या काळात तर जुन्या चासीवरचे अॅल्युमिनियमचे अंग उतरवून तिथे पोलादी अंग चढवले गेले. कोकणातल्या गावोगावी पोचणारी सेवा या अदलाबदलीतून टिकली.

४/
मग या धाग्याच्या शीर्षकात बीएमडब्ल्यू का? कारण ‘अस्सल’ या शब्दाचा गजर महागड्या युरोपीय गाड्यांच्या वर्तुळात सर्वाधिक होतो. चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक मूळ नोंदीशी जुळले तर गाडी खानदानी, न जुळले तर तिची किंमत घसरली. या अभिमानाची कसोटी त्या कंपनीच्याच इतिहासावर लावून पाहणे योग्य ठरेल.

५/
विमानाची इंजिने आणि मोटारसायकली बनवणाऱ्या बीएमडब्ल्यूने १९२८ मध्ये आयसेनाख येथील मोटार कारखाना विकत घेतला. तेथे ‘डिक्सी ३/१५’ नावाची छोटी गाडी तयार होत होती. ती मुळात इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन होती, परवाना घेऊन जर्मनीत बांधलेली. १९२९ पासून तिच्यावर बीएमडब्ल्यूचे चिन्ह लागले. या कंपनीची पहिली मोटार जन्मतःच दुसऱ्याच्या आराखड्यावर उभी होती.

६/
दुसऱ्या महायुद्धानंतर आयसेनाख सोव्हिएत ताब्यात गेले. तेथे युद्धपूर्व नमुन्यांच्या गाड्या बीएमडब्ल्यू याच नावाने बनत राहिल्या. म्युनिकच्या कंपनीने नावावर हक्क सांगितल्यावर त्यांचे नाव ‘ईएमडब्ल्यू’ झाले आणि चिन्हातला निळा रंग जाऊन तांबडा आला. कारखाना तोच, कारागीर तेच, गाडीही तीच. मग अस्सल कोण? न्यायालयाने नावाचा निकाल दिला. इतिहासाचा निकाल न्यायालय देऊ शकत नाही.

७/
त्याच सुमारास बीएमडब्ल्यूचे आराखडे इंग्लंडला पोचले. त्यांच्या आधारे ब्रिस्टल या विमान कंपनीने १९४७ मध्ये ‘ब्रिस्टल ४००’ ही गाडी आणली. इंजिन बीएमडब्ल्यू ३२८ च्या घडणीचे, अंग ३२७ च्या वळणाचे, चिन्ह मात्र ब्रिस्टलचे. आणि १९५५ मध्ये खुद्द बीएमडब्ल्यूने इटलीच्या इसेट्टा या अंड्याच्या आकाराच्या छोट्या गाडीचा परवाना घेऊन कठीण दिवस काढले.

८/
ज्या कंपनीचा वंशवृक्ष असा उसनवारीने बहरला, तिच्या जुन्या गाडीत दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवला म्हणून नाक मुरडणे, हे इतिहासाचे अज्ञान आहे. यात त्या कंपनीची निंदा नाही. जगातल्या बहुतेक मोटार कंपन्या अशाच घडल्या. निंदा आहे ती नंतर रचलेल्या शुद्धतेच्या कथेची.

९/
आता भारत. २००७ मध्ये चेन्नईजवळ बीएमडब्ल्यूचा जुळणी कारखाना सुरू झाला. आरंभीची मॉडेले होती ३-सिरीज (ई-९०) आणि ५-सिरीज (ई-६०). त्याआधी आलेल्या गाड्या आयात केलेल्या आणि मोजक्या. चेन्नईत जुळलेल्या पहिल्या गाड्यांची नोंदणीची १५ वर्षे २०२२ मध्ये संपली. मूळ मालकांनी त्या केव्हाच विकल्या होत्या. आज मुंबई–पुण्यात त्या बहुधा अशांच्या हाती आहेत, ज्यांना नवी बीएमडब्ल्यू परवडत नाही, पण जुनी सांभाळण्याची जिद्द आहे.

१०/
ही जिद्द म्हणजे नुसती हौस नव्हे, एक शास्त्र आहे. गाडीच्या १७ अक्षरी ओळख क्रमांकातली शेवटची सात अक्षरे हाती आली की ती कोणत्या महिन्यात, कोणत्या घडणीची बनली हे उलगडते. प्रत्येक सुट्या भागाला ११ अंकी क्रमांक असतो. त्याच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून गट कळतो : ११ म्हणजे इंजिन, ३४ म्हणजे ब्रेक, ५१ म्हणजे अंगाचे भाग, ६१ म्हणजे विजेचे काम.

११/
एकच भाग अनेक मॉडेलांत वापरलेला असतो, हे जाणणाराच खरा जाणकार. भारतात २०१० च्या अखेरीस आलेली पहिली एक्स-१ (ई-८४) ही ३-सिरीजच्या ई-९० कुळातली. त्यामुळे अपघातात निकामी झालेल्या एक्स-१ मधला एखादा भाग जुन्या ३-सिरीजला जीवदान देऊ शकतो. जर्मनीतही हेच घडले होते. १९९० च्या दशकातल्या ई-३६ कॉम्पॅक्ट आणि झेड-३ या गाड्यांना कंपनीनेच मागची बैठक आधीच्या पिढीच्या, ई-३० च्या, घडणीची दिली.

१२/
हा जाणकार भेटतो कुठे? कुर्ला–कलिना पट्ट्यातल्या सीएसटी रोडवरच्या दुकानांत, चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर, पुण्यात मंगळवार पेठेतल्या बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात. नव्या सुट्या भागांसाठी मुंबईचा ऑपेरा हाऊस परिसर प्रसिद्ध. वापरलेल्या मालासाठी मात्र भंगारवाल्याचीच पायरी चढावी लागते. विद्यापीठात न शिकवले जाणारे यंत्रज्ञान या गल्ल्यांत तोंडी परंपरेने टिकून आहे.

१३/
या परंपरेला स्वतःची शिस्तही आहे. चांगला मिस्त्री दार, आरसा, आसन, दिवा, गिअरबॉक्स, डिफरन्शियल जुने घेईल. ब्रेकचे पॅड, रबरी बुश, एअरबॅग, उष्णतेने ठिसूळ झालेली कूलंटची प्लास्टिकची टाकी जुनी घेणार नाही. मॅग्नेशियम मिश्रणाच्या एन-५२ इंजिनाचे अॅल्युमिनियमचे बोल्ट एकदा काढले की फेकायचे, हेही त्याला ठाऊक असते. त्यांच्या जागी पोलादी बोल्ट घातला तर दोन धातूंच्या संगाने गंज धरतो. ‘जुगाड’ म्हणून हिणवले जाणारे हे काम असे विवेकाचे असते.

१४/
पण हाती आलेला भाग बसवला म्हणजे काम संपले, असे नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बीएमडब्ल्यूने चावी, चावी ओळखणारा संगणक आणि इंजिनाचा संगणक यांची गाठ बांधली. दुसऱ्या गाडीतून काढलेला इंजिनाचा संगणक एकटाच बसवला, तर गाडी सुरू होत नाही. एक तर तिन्ही वस्तू एकाच गाडीतून एकत्र आणाव्या लागतात, नाही तर ती जुळणी नव्याने लिहावी लागते. चोरीला आळा घालणे हा या कुलपाचा हेतू. परिणाम मात्र असा की गाडीच्या मालकालाही दुरुस्तीसाठी किल्लीवाल्याची परवानगी लागते.

१५/
हा तक्रारखोरांचा कल्पनाविलास नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत भारतीय आणि विदेशी दोन्ही कंपन्या होत्या, बीएमडब्ल्यू इंडियाही होती. अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणाने मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कंपन्यांनी तो मान्य न करता अपिलाचा मार्ग धरला. दुरुस्तीच्या हक्काचा हा तंटा भारतातही जुना आहे, एवढे त्यावरून स्पष्ट व्हावे.

१६/
कुलपे नव्हती, तेव्हाचे काय? त्यासाठी कुर्ल्याकडे वळावे लागते. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकी गाड्यांची जुळणी झाली, पुढे इटलीच्या फियाटची. १९६० च्या दशकात आलेल्या १,०८९ सीसीच्या ‘फियाट ११०० डिलाइट’चे पुढच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ असे नामांतर झाले. मुंबईकरांनी मात्र तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटले.

१७/
हीच मुंबईची काळी-पिवळी. तिचे उत्पादन शतकाच्या अखेरीस थांबले. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत झाली. टॅक्सीसाठी २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. शहराने हळहळ व्यक्त केली, वृत्तपत्रांनी मृत्युलेख लिहिले.

१८/
त्या मृत्युलेखांत एक गोष्ट फारशी आली नाही. कारखाना बंद झाल्यावर तब्बल दोन दशके ही टॅक्सी धावली कोणाच्या जोरावर? मोडीत निघालेल्या एका पद्मिनीने दुसऱ्या पद्मिनीला दिलेल्या भागांवर. पेट्रोलवर जन्मलेल्या या गाडीला प्रदूषणविषयक न्यायालयीन आदेशांनंतर सीएनजीची टाकी बसली, आतली आसने बदलली, इंजिने उतरली आणि चढली. मुंबईने ज्या गाडीवर प्रेम केले, ती कारखान्याची जितकी होती तितकीच गॅरेजचीही होती.

१९/
आता मूळ नियमाकडे. १५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी. नोंदणी शुल्क २०,००० रुपये, पुनर्नोंदणी ५,००० रुपये. अशी गाडी प्रदर्शनात, रॅलीत नेता येते. रोजच्या वा व्यावसायिक वापरासाठी तिला मनाई.

२०/
हे वाक्य पुन्हा वाचावे. वारसा ठरण्याची अट आहे, बदलले न जाणे. आणि वारसा ठरल्यावर अट आहे, वापरले न जाणे. पन्नास वर्षे पोट भरण्यासाठी चाललेली कोणती टॅक्सी, कोणता टेम्पो, कोणती बस या चाळणीतून पार होईल? पार होते ती संस्थानिकाच्या वा उद्योगपतीच्या गाडीखान्यात झाकून ठेवलेली लिमोझिन. नियमात श्रीमंती हा शब्द कुठेही नाही, पण त्याची चाळणी श्रीमंतीचीच आहे.

२१/
गणित मांडून पाहावे. बीएमडब्ल्यूची ई-३० ही ३-सिरीज १९८२ मध्ये आली. तिच्यातली अगदी पहिली गाडीही २०३२ पूर्वी भारतात व्हिंटेज ठरणार नाही. चेन्नईत २००७ मध्ये जुळलेल्या पहिल्या ई-९० चा क्रमांक २०५७ मध्ये लागेल. तोपर्यंतचे काय? दर पुनर्नोंदणीला वाढते ओझे. आयात केलेल्या मोटारीचे पुनर्नोंदणी शुल्क एप्रिल २०२२ मध्ये १५,००० वरून ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील आयात मोटारींसाठी ते ८०,००० रुपये करण्यात आले. म्हातारपण ५० व्या वर्षी सन्मान्य आणि २० व्या वर्षी दंडनीय, असा हा न्याय.

२२/
दुसऱ्या टोकाला मोडीचे धोरण. २०२१ च्या धोरणात जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीच्या किमतीच्या ४ ते ६ टक्के मोबदला अपेक्षित धरला आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी उत्पादकांवर मोडीची जबाबदारी टाकली, हे स्वागतार्हच. पण ती जबाबदारी मोजायची कशात? पोलादाच्या वजनात. चालू स्थितीतला गिअरबॉक्स आणि चेपलेला बंपर या तराजूत सारखेच, कारण दोन्ही किलोने मोजले जातात.

२३/
या धोरणाची झळ रामवाडीपर्यंत पोचते. जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, आणि त्यांत राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या बसही येतात. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी जुन्या बस रस्त्यावरून उतराव्यात, हे मान्य. पण त्या बसबरोबर कार्यशाळेतली दुरुस्तीची नोंद, कामगारांची समज आणि अदलाबदलीची पद्धतही उतरते. ती कोणत्या संग्रहालयात जपली जाणार?

२४/
बीएमडब्ल्यूच्या मायदेशी काय घडते? जर्मनीत ३० वर्षांपुढची, चांगल्या स्थितीतली, बहुतांशी मूळ स्वरूपातली गाडी ‘एच’ अक्षराची ऐतिहासिक पाटी मिळवू शकते. त्या काळात प्रचलित असलेले फेरफारही चालतात. ऐतिहासिक ठरलेली गाडी रस्त्यावर चालवता येते. गाडी मोडून तिचे भाग कसे वाचवावेत, हे अभ्यासण्यासाठी बीएमडब्ल्यूने म्युनिकजवळ १९९४ मध्ये स्वतंत्र केंद्र उघडले. आणि युरोपीय संघाच्या नियमात वजनाची टक्केवारी असली, तरी ‘पुनर्वापर’ हा शब्द ‘पुनर्चक्रण’ या शब्दाच्या आधी येतो.

२५/
आक्षेप पहिला : जुन्या गाड्या धूर ओकतात, अपघात घडवतात. उत्तर : मग धूर मोजावा, ब्रेक तपासावेत. स्वयंचलित तपासणी केंद्रे त्यासाठीच उभारली जात आहेत. तपासणीत नापास झालेली गाडी रस्त्यावर येऊ नये, याबद्दल दुमत नाही. पण वय हा दोष नव्हे. नीट राखलेली २० वर्षांची गाडी आणि हेळसांड झालेली पाच वर्षांची गाडी यांत धोकादायक कोणती, हे यंत्र सांगेल, जन्मतारीख नाही.

२६/
आक्षेप दुसरा : वापरलेल्या भागांचा बाजार म्हणजे चोरीचा बाजार. हा आक्षेप पूर्णपणे निराधार नाही. चोर बाजाराचे नाव त्याच्या माथी उगाच बसलेले नसेल. पण उपाय बाजार मोडण्यात नाही, नोंद ठेवण्यात आहे. अधिकृत मोड केंद्राने गाडी घेताना ती चोरीच्या नोंदीत नाही ना, हे तपासणे बंधनकारकच आहे. तिथून निघालेल्या प्रत्येक मोठ्या भागाला त्या गाडीच्या क्रमांकासह पावती मिळाली, तर चोराचा धंदा बसेल आणि मिस्त्रीचा उजेडात येईल.

२७/
आक्षेप तिसरा, आणि इतिहासप्रेमींच्या दृष्टीने सर्वांत वजनदार : भाग बदलला की पुरावा नष्ट होतो. मूळ इंजिन गेले, तर त्या काळचे तंत्र कसे कळणार? हा आक्षेप खरा आहे. काही गाड्या हात न लावता जपल्याच पाहिजेत. पण अस्पर्शित वस्तू हा इतिहासाचा एक पुरावा झाला. एकमेव पुरावा नव्हे.

२८/
महाराष्ट्राच्या इतिहासातलाच दाखला घ्यावा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा उतरवून मराठ्यांनी मंदिरांत टांगल्या. भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकर, वाईजवळचे मेणवली आणि रायगड जिल्ह्यातलेच पालीचे बल्लाळेश्वर, या ठिकाणी त्या आजही दाखवल्या जातात. एका वास्तूतून काढून दुसऱ्या वास्तूत बसवलेल्या वस्तू.

२९/
त्या घंटेमुळे बल्लाळेश्वराचे मंदिर ‘अस्सल’ राहिले नाही, असे कोणी म्हणत नाही. उलट वसईचा रणसंग्राम त्या घंटेतूनच सांगितला जातो. खुद्द ते मंदिर आधी लाकडी होते आणि अठराव्या शतकात दगडात नव्याने बांधले गेले. मराठीत याला ‘जीर्णोद्धार’ असा आदराचा शब्द आहे. मंदिराला हाच न्याय लावणारा समाज मोटारीच्या बाबतीत ‘फेरफार’ असा गुन्ह्याचा शब्द का वापरतो?

३०/
दुसरा दाखला इतिहासलेखनाचाच. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे गोळा केली आणि १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. हिशेबाचे कागद, वराता, निवाडे, खासगी पत्रे. दरबारी बखरीत जे नव्हते, ते या कागदांत सापडले. ज्याला घरचे लोक रद्दी समजत होते, त्यालाच राजवाड्यांनी साधन म्हटले.

३१/
कंपनीचे माहितीपत्रक ही मोटारीची बखर आहे. गॅरेजची तेलकट वही हे तिचे दप्तर. कोणत्या सालात कोणता भाग मिळेनासा झाला, त्याच्या जागी काय बसले, कोणत्या गाडीचे इंजिन कोणत्या गाडीत गेले, आयातीचे निर्बंध कधी जाचक ठरले, हे सारे त्या वहीत आहे. ती वही आज रद्दीत जात आहे.

३२/
म्हणून मागणी स्पष्ट असावी. एक : ‘मूळ स्वरूप’ या अटीऐवजी ‘नोंद असलेली दुरुस्ती’ ही अट यावी. इंजिन बदलले असेल तर कधी, का आणि कुठून आणले याचा कागद असावा, आणि तो कागद गाडीच्या वारशाचा भाग मानला जावा. दोन : ३० ते ५० वर्षांच्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग असावा. तीन : मोड केंद्रांना पोलादाइतकेच चालू सुट्या भागांचे श्रेय मिळावे.

३३/
चार : जुळणीची कुलपे उघडण्याचे साधन, मालकीची शहानिशा करून, स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी दरात मिळावे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यांत मोटारींचा समावेश आहे. आरंभ झाला आहे, पण माहितीपत्रक टाकणे म्हणजे हक्क देणे नव्हे. पाच : एसटीने मोडीत काढण्याआधी प्रत्येक विभागातली निदान एक बस आणि तिची कार्यशाळेतली नोंदवही, दोन्ही एकत्र जपावीत.

३४/
पद्मिनी टॅक्सी बंद होताना एक तरी गाडी जपावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. उद्या ती मान्य झालीच, तर जपायची कोणती? धुऊन-पुसून, नवा रंग देऊन, सीएनजीची टाकी काढून १९७० च्या दशकातली भासवलेली? तसे झाले तर संग्रहालयात एक सुंदर असत्य उभे राहील. जपायची ती टाकीसकट, बदललेल्या इंजिनासकट, चालकाने चढवलेल्या आसनांसकट.

३५/
तरुण इतिहासप्रेमींना करण्याजोगे काम सरकारच्या निर्णयाआधीही आहे. गड-किल्ल्यांच्या मोहिमेवर जाताना वाटेत गॅरेज लागतेच. तिथल्या वयस्क मिस्त्रीला विचारावे : कोणती गाडी, कोणत्या साली, कोणत्या दुसऱ्या गाडीच्या भागावर चालवली? उत्तर साल आणि ठिकाणासह लिहून ठेवावे. कुर्ल्याचा कारखाना गेला, त्या जागेवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. कारखान्याच्या भिंती पडल्यावर उरतात ते हात, आणि हात फार काळ उरत नाहीत.

३६/
पालीला गेल्यावर ती घंटा जरूर पाहावी. आणि परतताना पेणजवळ रामवाडी लागली, तर एसटीच्या कार्यशाळेकडेही त्याच नजरेने पाहावे. दोन्ही ठिकाणी एकच गोष्ट घडली आहे : एकाचा भाग दुसऱ्याच्या कामी आला आणि दुसरा टिकला. एकीला कायदा वारसा म्हणतो. दुसरीलाही तेच नाव मिळायला हवे.

(धागा समाप्त)